हजेरीपटावरची नावं

ग्लासगो शहराच्या वायव्य टोकाला ड्रमचॅपल नावाची वसाहत आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर शहरातल्या दाटीवाटीच्या, कोंदट इमारतींमधून कामगारांना बाहेर हलवायचं ठरलं, तेव्हा उभारलेली. घरं आधी बांधली, बाकीच्या सोयी मागाहून येतील म्हणून सांगितलं, आणि त्या मागेच राहिल्या. इथल्या सरकारी हायस्कुलात मार्च २००५ मध्ये एक मुलगी वर्गात आली नाही. अग्नेसा मुर्सेलाय, वय १५, कोसोव्हातल्या रोमा कुटुंबातली. पहाटे तिच्या घरावर धाड पडली होती. चौदा जणांचं पथक, अंगावर संरक्षक जाकिटं, आणि आत झोपेत असलेलं एक कुटुंब. सगळ्यांना उचलून इंग्लंडमध्ये बेडफर्डशरच्या यार्ल्स वूड स्थानबद्धता केंद्रात नेलं. ग्लासगोपासून पाचशेहून अधिक किलोमीटर लांब. तिथून पुढे विमानच.

हद्दपारीचं काम बहुतेक देशांत असंच उरकलं जातं. वेळ पहाटेची, कारण तेव्हा माणसं घरात सापडतात आणि शेजारी झोपेत असतात. नेऊन ठेवायचं ते लांब, म्हणजे भेटायला येणाऱ्याला अख्खा दिवस मोडावा लागतो. आणि सगळं झटपट, वकिलाला कागद जमवायलाही सवड मिळू नये असं. कायद्याचं बळ त्यामागे असतंच. पण हे काम निभावतं ते मुख्यतः कुणी बघत नसल्यामुळे, असं माझं मत झालं आहे. शाळेत मात्र रोज सकाळी नाव पुकारलं जातं, आणि कोण आलं नाही हे तीस-चाळीस जणांना एकदम कळतं.

अग्नेसाच्या मैत्रिणी नववी-दहावीच्या वयाच्या. अमल अझुद्दीन सोमालियाची, रोझा सालिह इराकी कुर्दिस्तानची, एवेलिना सिवाक पोलंडमधल्या रोमा घरातली. एमा क्लिफर्ड, जेनिफर मॅकॅरन आणि टोनी-ली हेंडरसन या तिघी स्थानिक, गोऱ्या. अग्नेसा धरून सात. इंग्रजी ही ज्यांची घरची भाषा नाही अशा मुलांना शिकवणारे यूअन गर्व्हन त्यांच्या पाठीशी उभे राहिले. मुली काय करू म्हणून विचारायला आल्यावर त्यांनी गप्प बसायला सांगितलं नाही, एवढं सुरुवातीला पुरलं. मुलींनी अर्ज लिहिला, शाळेतल्या मुलांच्या आणि शिक्षकांच्या सह्या गोळा केल्या, वर्तमानपत्रांना गाठलं आणि एडिनबरोच्या पार्लमेंटचा दरवाजा ठोठावला. यात नवीन काहीच नाही. आपल्याकडे कॉलेजची फी वाढली तरी पोरं हेच करतात. नवीन होतं ते मागणाऱ्यांचं वय आणि मागणी. वर्गमैत्रीण परत द्या, एवढीच ती मागणी होती.

त्या वेळी ग्लासगोत निर्वासितांची एवढी कुटुंबं का होती, हे सांगितल्याशिवाय पुढचं नीट कळणार नाही. १९९९ च्या कायद्यानं ब्रिटिश सरकारनं आश्रय मागणाऱ्यांना लंडन आणि आग्नेय इंग्लंडमधून देशभर विखरायचं ठरवलं. ग्लासगोच्या नगरपालिकेनं २००० मध्ये त्यासाठी करार केला. तिच्याकडे उंच इमारतींमधले, कुणी भाड्यानं घ्यायला तयार नसलेले फ्लॅट पडून होते. रिकामी घरं भरली, केंद्राकडून पैसे आले. कुर्द, सोमाली, कोसोव्हार, अफगाण, कॉंगोली अशी माणसं अचानक या वसाहतींमध्ये दिसू लागली. आधीच गांजलेल्या वस्तीत हे गोडीगुलाबीनं झालं, असं कुणी म्हणणार नाही. ऑगस्ट २००१ मध्ये साइटहिल भागात २२ वर्षांच्या एका कुर्द तरुणाचा भोसकून खून झाला. म्हणजे मुलींनी २००५ मध्ये ज्या शहराला हाक दिली, ते शहर जन्मजात दयाळू वगैरे नव्हतं. चार वर्षं एकाच जिन्यावरून चढता-उतरताना, एकाच शाळेच्या फाटकाशी मुलांची वाट बघताना बरंच काही बदललं होतं. त्यातलं बरंचसं श्रेय मुलांना जातं. आईबापांना एकमेकांची भाषा येत नव्हती, मुलं मात्र सहा महिन्यांत ग्लासगोच्या ठसक्यात भांडायला लागली होती.

दुसरी गोष्ट राज्यव्यवस्थेची. १९९८ च्या कायद्यानं स्कॉटलंडला स्वतःची संसद मिळाली. शिक्षण, आरोग्य, पोलीस, बालकल्याण एडिनबरोकडे आलं. स्थलांतर आणि आश्रय लंडनकडेच राहिलं. त्यामुळे अग्नेसासारखी मुलगी सकाळी नऊ ते दुपारी तीन एडिनबरोची जबाबदारी होती आणि पहाटे पाच वाजता लंडनची. शिक्षक, समाजसेवक, बालरोगतज्ज्ञ सगळे एका सरकारचे, आणि दार फोडणारे दुसऱ्या. मुलींनी नेमकं या फटीत बोट घातलं. त्यांनी हे घटनाशास्त्राचं पुस्तक वाचून केलं असं मी म्हणत नाही. जवळचं दार कुठलं, हे त्यांना कळलं. लंडनचा गृहमंत्री त्यांना भेटला नसता. स्कॉटलंडचे फर्स्ट मिनिस्टर जॅक मॅकॉनल यांना भेटणं टाळता आलं नाही, कारण मुली त्यांच्याच सरकारच्या शाळेच्या पटावर होत्या.

मॅकॉनल यांची पंचाईत अशी की ते मजूर पक्षाचे, आणि लंडनमध्येही सत्ता मजूर पक्षाचीच, ब्लेअर यांची. विरोध करावा तर घरातच भांडण; गप्प राहावं तर एडिनबरोत विरोधी बाकांवर बसलेला स्कॉटिश नॅशनल पक्ष आणि ग्रीन पक्ष सोडणार नाहीत. प्रश्न सभागृहात आला. काही आठवड्यांत अग्नेसाचं कुटुंब सुटून ग्लासगोला परतलं आणि पुढे त्यांना राहण्याची परवानगीही मिळाली.

मुली इथे थांबल्या असत्या तर ही एका कुटुंबाची गोड गोष्ट झाली असती. सप्टेंबर २००५ मध्ये ड्रमचॅपलमधल्याच एका कोसोव्हार अल्बेनियन कुटुंबाला तशाच धाडीत उचललं. त्यात तीन मुलं होती. या वेळी अर्ज, सह्या, कॅमेरे सगळं असूनही त्यांना विमानात बसवलं गेलं. पण तोपर्यंत गोष्ट मुलींच्या हाताबाहेर, म्हणजे चांगल्या अर्थानं हाताबाहेर, गेली होती. स्कॉटलंडच्या बालहक्क आयुक्त कॅथलीन मार्शल यांनी पहाटेच्या धाडींवर उघड टीका केली. मॅकॉनल यांनी जाहीर केलं की लंडनशी बोलून एक नियमावली करू, म्हणजे मुलं असलेल्या घरावर कारवाई करण्याआधी शाळा आणि समाजसेवा खात्याला विचारलं जाईल. मुलींना वाटलं, जिंकलो. ब्रिटिश गृहखात्यानं मात्र असा काही करार मान्य केल्याचा इन्कार केला. मॅकॉनल नरमले, आणि त्याच मुली त्यांच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या: तुम्ही शब्द दिला होता. बीबीसीचा माहितीपट करणारे कॅमेरे तेव्हा सोबत होते. नेत्यांना शाळकरी मुलींबरोबर फोटो काढायला आवडतं. फोटोनंतर त्याच मुली हिशेब मागायला परत येतील, हे सहसा कुणी धरलेलं नसतं. त्या वर्षी स्कॉटलंडमधल्या उत्तम सार्वजनिक मोहिमेचा पुरस्कार या सातजणींना मिळाला. मला पुरस्कारापेक्षा त्यांची ही दुसरी भेट मोठी वाटते.

इथे दोन बायकांचं नाव घेतलंच पाहिजे, कारण तरुणाईचा जयजयकार करताना त्या नेहमी मागे पडतात. ड्रमचॅपलपासून जवळच किंग्जवे कोर्टच्या उंच इमारती आहेत. तिथे राहणाऱ्या जीन डॉनॅकी आणि नोरीन रिअल या वयानं ज्येष्ठ रहिवासी. डोळ्यांदेखत शेजाऱ्यांना नेताना पाहिल्यावर त्यांनी सरळ पहारा बसवला. रोज पहाटे अंधारात माणसं उठून खिडकीशी आणि खाली आवारात उभी राहायची. गृहखात्याच्या गाड्या वळणावर दिसल्या की फोन फिरायचे आणि ज्या घरांवर वेळ येऊ शकेल ती कुटुंबं दुसऱ्याच्या घरात जाऊन बसायची. अधिकारी लिफ्टनं वर जावेत तर दार बंद, आत कुणी नाही, आणि शेजारीण नाइट गाऊनवर कोट चढवून जिन्यात उभी. दार कुणाचं वाजवायचं याचा हुकूम त्यांच्याकडे होता, शेजारच्या दाराचा नव्हता. मुलींनी दिवसाचा मोर्चा सांभाळला, या बायकांनी पहाट सांभाळली. दोन्ही नसतं तर एकाचंही फारसं चाललं नसतं.

मग मिळालं काय? कागदावर बघायला गेलं तर लगेच काहीच नाही. ती नियमावली आलीच नाही. कायदा तोच राहिला. पण धाडींची पद्धत हळूहळू मवाळ झाली, आणि २००६ मध्ये गृहखात्यानं साचलेल्या साडेचार लाखांच्या घरातल्या जुन्या प्रकरणांचा निपटारा सुरू केला, त्यात ग्लासगोतल्या बऱ्याच कुटुंबांना राहू दिलं गेलं. यात सरकारनं एकदाही 'आमचं चुकलं' म्हटलं नाही. फायली निकालात काढल्या, बस. सरकार माघार घेतं ती बहुधा अशीच, हिशेबाच्या भाषेत. २००७ मध्ये एडिनबरोत स्कॉटिश नॅशनल पक्षाचं सरकार आलं आणि स्कॉटलंडच्या शाळेत तीन वर्षं काढलेल्या आश्रयार्थींच्या मुलांना कॉलेजप्रवेशात स्थानिक विद्यार्थ्यांसारखं धरलं जाऊ लागलं. २००८ मध्ये ब्रिटननं संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारातून स्थलांतरित मुलांना वगळणारी आपली अट मागे घेतली. २०१० मध्ये डंगॅव्हल केंद्रात मुलांना ठेवणं बंद झालं, पाठोपाठ यार्ल्स वूडचा कुटुंबकक्षही. त्याच्या आदल्या वर्षी ब्रिटनमध्ये हजाराहून जास्त मुलं अशी कोंडलेली होती.

डंगॅव्हलबद्दल थोडं जास्त सांगायचा मोह आवरत नाही. साउथ लॅनर्कशरमधला हा मूळचा हॅमिल्टनच्या ड्यूकचा शिकारवाडा. मे १९४१ मध्ये हिटलरचा सहकारी रुडॉल्फ हेस एकटाच विमान घेऊन जर्मनीहून निघाला तो याच वाड्याच्या दिशेनं, ड्यूकची गाठ घ्यायला. पोचला नाही, अलीकडेच पॅराशूटनं उतरला. परवानगीवाचून देशात शिरलेल्या माणसांना कोंडण्यासाठी २००१ मध्ये ब्रिटिश सरकारनं नेमका हाच वाडा निवडला. २००३ मध्ये तुर्कस्तानातून आलेलं एक कुर्द कुटुंब, चार मुलांसह, तिथे वर्षाहून जास्त काळ ठेवून शेवटी जर्मनीला पाठवलं. ड्रमचॅपलच्या मुली लढल्या तेव्हा ही गोष्ट स्कॉटलंडमध्ये सगळ्यांच्या ध्यानात होती. नुसती दया मागितली असती तर कदाचित अर्ज फाइलला लागला असता. लोकांना आधीची लाज होती, तिला मुलींनी वाचा फोडली.

आता या सगळ्यात एक खोट आहे, आणि ती मोहिमेच्या यशातच आहे. शाळेच्या पटावर नाव असलेल्यांसाठी शाळा उभी राहिली. ज्यांचं नाव कुठल्याच पटावर नाही त्यांचं काय? तिशीतला एकटा पुरुष, हॉटेलच्या भटारखान्यात राबणारा, मोडकं इंग्रजी बोलणारा, परीक्षेत पहिला न आलेला. त्याच्यासाठी कुणी सह्या गोळा करत नाही. अमेरिकेत लहानपणी आईबापांबरोबर बेकायदा आलेल्या तरुणांनी, ज्यांना तिकडे 'ड्रीमर्स' म्हणतात, मोठा लढा दिला. मे २०१० मध्ये त्यातल्या काहींनी अ‍ॅरिझोनात सिनेटर मकेन यांच्या कचेरीत ठिय्या दिला, अटक झाली तर आपल्यालाच देशाबाहेर काढतील हे माहीत असूनही. डिसेंबरमध्ये सिनेटमध्ये त्यांचं विधेयक ५५ विरुद्ध ४१ मतांनी अडलं, पुढे जायला ६० लागत होती. जून २०१२ मध्ये ओबामांनी प्रशासकीय आदेशानं त्यांना तात्पुरतं अभय दिलं. पण 'आमचा काही दोष नाही, आम्हाला लहानपणी आणलं' हे त्यांचं मुख्य म्हणणं होतं, आणि त्यातून दोष आपोआप आईबापांच्या माथी गेला. चळवळीतल्या अनेकांना हे नंतर टोचलं. मुलाला ठेवा म्हणताना आईला जाऊ द्या, असा अर्थ निघतो.

फ्रान्समध्ये तर हे अगदी उघड्यावर घडलं. ऑक्टोबर २०१३ मध्ये दू प्रांतात शाळेची सहल चालली असताना बसमधून एका १५ वर्षांच्या मुलीला उतरवून पोलिसांनी नेलं आणि कुटुंबासह कोसोव्हाला धाडलं. तीही रोमा, अग्नेसासारखीच. पॅरिसमधल्या शाळा-कॉलेजांच्या दारात कचऱ्याचे डबे रचून मुलांनी वर्ग बंद पाडले. राष्ट्राध्यक्ष ओलांद यांना थेट दूरचित्रवाणीवर यावं लागलं. ते म्हणाले, मुलगी शिकायला परत येऊ शकते. एकटी. पंधरा वर्षांच्या मुलीनं शाळेसाठी आईबाप सोडावेत! तिनं काही तासांतच नकार दिला. हाती लागलं एक परिपत्रक: शाळेच्या वेळात, शाळेच्या कार्यक्रमात मुलांना पकडू नये. म्हणजे पुढच्या वेळी सहल संपेपर्यंत थांबा.

जर्मनीत न्यूरेंबर्गच्या एका व्यवसाय-शिक्षण शाळेतून ३१ मे २०१७ ला पोलीस २० वर्षांच्या अफगाण विद्यार्थ्याला न्यायला आले. मुलं गाडीसमोर बसली. थोड्या वेळात तीनशेच्या आसपास जमाव झाला. पोलिसांनी मुलांना ओढलं, लाठ्या चालवल्या, डोळ्यांत झोंबणारा फवारा मारला; पोलिसही जखमी झाले. त्याच दिवशी काबूलमध्ये जर्मन वकिलातीजवळ ट्रकचा स्फोट झाला, दीडशेच्या आसपास माणसं मेली. त्या रात्री अफगाणिस्तानला हद्दपार झालेल्यांना घेऊन जाणारं विमान रद्द करण्यात आलं. मुलांच्या ठिय्यामुळे ते रद्द झालं असं कुणी म्हटलं नाही, आणि म्हणूही नये. पण 'तिकडे आता सुरक्षित आहे' या सरकारी वाक्याची काय किंमत होती, हे सकाळी त्या मुलांना कळलेलं होतं, मंत्र्यांना संध्याकाळी कळलं.

स्वीडनमधली दोन उदाहरणं शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. जुलै २०१८ मध्ये गोटेनबर्गच्या विमानतळावर २१ वर्षांची एलिन एर्सन ही विद्यार्थिनी विमानात चढली आणि बसायलाच तयार होईना. आत हद्दपार होणारा एक अफगाण माणूस होता, आणि सगळे प्रवासी बसल्याखेरीज वैमानिकाला विमान हलवता येत नाही. तिनं फोनवर सगळं थेट प्रक्षेपित केलं, जगभर लाखोंनी पाहिलं. माणसाला उतरवलं. पुढे कोर्टानं तिला ३००० क्रोनर दंड केला, आणि त्या माणसाला नंतर पाठवलं गेलंच. त्याच्या आदल्या वर्षी, ऑगस्ट २०१७ मध्ये, स्टॉकहोममध्ये अफगाण पोरांनी स्वतःच धरणं धरलं होतं. २०१५ मध्ये पालकांविना स्वीडनमध्ये आलेल्या पस्तीसेक हजार मुलांपैकी बहुसंख्य अफगाण होती. धरण्यापुढे फातिमे खवारी ही तरुणी होती, स्वतः आश्रयार्थी घरातली. आठवडेच्या आठवडे ही मुलं चौकात बसली, उजव्या गटांनी हल्ला केला तरी हलली नाहीत. २०१८ च्या उन्हाळ्यात संसदेनं कायदा केला: ठरावीक काळाआधी आलेल्या अशा सुमारे नऊ हजार तरुणांना बारावीपर्यंतचं शिक्षण पुरं करण्यासाठी राहता येईल. एलिनचं नाव जगाला ठाऊक झालं. कायदा मात्र चौकात बसलेल्यांनी मिळवला.

आणि आपल्याकडे? तरुण म्हणजे निर्वासितांच्या बाजूचा, असं समीकरण ज्याला मांडायचं असेल त्यानं आसामकडे बघावं. विसाव्या शतकातलं भारतातलं विद्यार्थ्यांचं सगळ्यात यशस्वी आंदोलन परकीयांना बाहेर काढा या मागणीवरच उभं राहिलं. १९७९ मध्ये मंगलदोई मतदारसंघाच्या मतदार यादीवरून ठिणगी पडली, अखिल आसाम विद्यार्थी संघटनेनं सहा वर्षं राज्य हलवलं. मधेच फेब्रुवारी १९८३ मध्ये नेल्लीत दोन हजारांच्या आसपास बंगाली मुसलमानांची कत्तल झाली. १५ ऑगस्ट १९८५ ला राजीव गांधींच्या सरकारशी करार झाला, आणि डिसेंबरमध्ये प्रफुल्लकुमार महंत वसतिगृहातून थेट मुख्यमंत्र्याच्या खुर्चीत गेले. तिशी नुकती उलटलेली. राजकीय सत्ता म्हणाल तर ती अशी असते. ग्लासगोच्या मुलींनी फर्स्ट मिनिस्टरला अडचणीत आणलं, आसामच्या विद्यार्थ्यांनी मुख्यमंत्रीच दिला. शेजारच्या अरुणाचलात चकमा आणि हाजोंग निर्वासितांना घालवण्यासाठी विद्यार्थी संघटनाच पुढे होती. त्यांना वाचवायला १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला मधे पडावं लागलं. आसामी तरुणांची भीती खोटी होती असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे, मी म्हणणार नाही. जमीन, भाषा, मतदार यादी हे खरे प्रश्न होते. पण ड्रमचॅपलमध्ये पट शाळेचा होता आणि मंगलदोईत मतदारांचा. पहिल्यावरचं गळालेलं नाव मुलांना खुपलं, दुसऱ्यावरचं वाढलेलं.

फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या लष्करी विमानानं १०४ भारतीयांना अमृतसरला आणून सोडलं, त्यात महाराष्ट्रातले तिघे होते. ते निर्वासित नव्हते, चोरवाटेनं गेलेले होते. आपल्याकडे चर्चा झाली ती हातातल्या बेड्यांची. संसदेबाहेर खासदारही बेड्या घालून उभे राहिले. आपण स्वतः १९५१ चा निर्वासित करार स्वीकारलेला नाही, निर्वासितांसाठी वेगळा कायदा केलेला नाही, आणि रोहिंग्यांना परत पाठवताना कुठल्या कॉलेजात वर्ग बंद पडल्याचं मी ऐकलेलं नाही. बेड्यांचा राग खरा होता. तो आपल्या माणसांपुरता होता.

भटारखान्यात राबणाऱ्या त्या एकट्या माणसाचा प्रश्न ग्लासगोनंच पुन्हा उकरला, सोळा वर्षांनी. १३ मे २०२१, ईदचा दिवस. पोलकशील्ड्स भागातल्या केनम्युअर स्ट्रीटवर गृहखात्याची व्हॅन आली. या भागात दक्षिण आशियाई वस्ती मोठी, त्यामुळे रस्त्यावर नव्या कपड्यातली माणसं. दोघांना पकडून व्हॅनमध्ये बसवलं. दोघेही भारतीय, दहाएक वर्षं ब्रिटनमध्ये असलेले. एक स्वयंपाकी, एक मेकॅनिक. निर्वासित नव्हेत, व्हिसाचे नियम मोडल्याचा संशय. कुणीतरी जाऊन व्हॅनखाली झोपलं, चाकांमध्ये. तो माणूस जवळजवळ आठ तास तिथून हलला नाही, आणि त्यानं आपलं नावही जाहीर केलं नाही. फोन फिरले. धाडींची खबर देणारे व्हॉट्सअ‍ॅप गट त्या भागात आधीपासून तयार होते, किंग्जवेच्या खिडक्यांची जागा आता त्यांनी घेतली होती. दहा-वीस जण होते त्यांचे दुपारपर्यंत शेकडो झाले. व्हॅनला पुढूनमागून घेराव पडला. पोलिसांची रांग उभी, त्यांच्या डोक्यावरून पाण्याच्या बाटल्या आणि खाणं आतल्या बाजूला पोचतंय. घोषणा एकच: हे आमचे शेजारी आहेत, सोडा त्यांना. संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला स्कॉटलंड पोलिसांनी सार्वजनिक सुरक्षेचं कारण देऊन दोघांना सोडायचं ठरवलं. व्हॅनचं मागचं दार उघडलं तेव्हा वकील आमेर अन्वर त्यांच्यासोबत होते. हा मतदारसंघ त्या वेळच्या फर्स्ट मिनिस्टर निकोला स्टर्जन यांचा. ईदच्या दिवशी असं करणं बेजबाबदारपणाचं असल्याचं त्यांनीही उघड म्हटलं, म्हणजे २००५ मध्ये मॅकॉनल जिथे अडखळले तिथे त्यांना अडखळावं लागलं नाही.

त्या दोघांची मार्कलिस्ट कुणी मागितली नाही. गुणी आहेत का, कष्टाळू आहेत का, इंग्रजी कसं बोलतात, काही नाही. शेजारी राहतात, एवढ्यावर भागलं. ड्रमचॅपलच्या मोहिमेत जी खोट होती ती इथे बरीचशी भरून निघाली, आणि ती भरायला एक पिढी गेली. केनम्युअर स्ट्रीटवर त्या दिवशी जमलेल्या तरुणांतले कितीतरी 'ग्लासगो गर्ल्स' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या सातजणींची गोष्ट ऐकत वाढलेले. २०१२ मध्ये कोरा बिसेट यांनी त्यावर संगीत नाटक केलं, २०१४ मध्ये बीबीसीनं चित्रपट केला. लढ्याचं नाटक झालं की तो संपला असं आपण समजतो. इथे उलटं झालेलं दिसतं.

सातजणींना २००५ मध्ये मत नव्हतं. वय कमी म्हणून सगळ्यांना, आणि परक्या म्हणून काहींना. त्यानंतर स्कॉटलंडनं आपल्या निवडणुकांसाठी मतदानाचं वय १६ वर आणलं आणि २०२० च्या कायद्यानं रीतसर राहणाऱ्या परदेशी नागरिकांना, मान्यता मिळालेल्या निर्वासितांसह, मताचा हक्क दिला. अर्जाचा निकाल न लागलेल्यांना अजून नाही. मे २०२२ मध्ये रोझा सालिह ग्रेटर पोलक प्रभागातून स्कॉटिश नॅशनल पक्षातर्फे ग्लासगोच्या नगरपालिकेवर निवडून आली. स्कॉटलंडमध्ये निवडून आलेली ती पहिली निर्वासित नगरसेविका.

नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याच नगरपालिकेनं, तिचाच पक्ष सत्तेत असताना, शहरात घरांची आणीबाणी जाहीर केली. लंडनच्या गृहखात्यानं तुंबलेले आश्रयाचे अर्ज भराभर निकालात काढायला सुरुवात केली होती. मंजुरी मिळाली की सरकारी निवारा साधारण २८ दिवसांत सोडायचा असा तेव्हा नियम होता, आणि बेघराला छप्पर देण्याची कायदेशीर जबाबदारी नगरपालिकेची. २००० मध्ये ज्या उंच इमारतींमधले फ्लॅट कुणाला नको होते, त्यातल्या साइटहिलच्या आणि रेड रोडच्या इमारती दरम्यान पाडून झाल्या आहेत. नगरपालिका निर्वासितांना हॉटेलात ठेवते आणि बिल भरते. पैसे लंडननं द्यावेत म्हणून एडिनबरो आणि ग्लासगो दोघांची पत्रं जातात. ज्यांना राहू द्या म्हणून ड्रमचॅपलच्या मुलींनी सह्या जमवल्या होत्या, त्यांना आता राहायची परवानगी मिळते, आणि कुठे राहू हे विचारायला ते नगरसेवकाच्या कचेरीत येतात.